कार फ्रिज घेताना आम्ही काय काय तपासलं

कार फ्रिज घ्यायचा म्हटलं की जो तो पहिल्यांदा विचारतो, किती लिटरचा घेताय? आमच्याकडे लिटरचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला, आणि तो शेवटीच यावा असं माझं आता ठाम मत आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. आत जे ठेवायचंय ते किती अंशांवर राहिलं पाहिजे? आणि रात्री गाडी बंद असताना करंट कुठून येणार? या दोन प्रश्नांची उत्तरं हातात आली की समोर दिसणारे निम्मेअधिक बॉक्स आपोआप बाद होतात.

आम्ही साताऱ्यात राहतो. घरात पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. थंडीत कास ओलांडून बामणोलीकडे उतरायचं आणि शिवसागराच्या काठी तंबू लावायचा. मुलांना सुट्टी लागली की पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण मागे टाकायचं आणि गुहागर गाठायचं, असा आमचा शिरस्ता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, घरी ठेवून जायचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. पाणी दिसलं की त्यांची तब्येत खुलते. पण त्यांना रोज इन्सुलिन लागतं. त्यामुळे थंड पेटी ही आमच्यासाठी चैनीची वस्तू नव्हती.

इन्सुलिनचं आधी सांगते, कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू झाला. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण तेही २५ ते ३० अंशांच्या आत, आणि नेमका आकडा त्या त्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकात बघायचा. साताऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० पर्यंत चढतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ५० च्याही वर जातो. म्हणजे एरवी बाहेर चालणारं पेनसुद्धा प्रवासात उघड्यावर ठेवता येत नाही. दुसरी बाजू अशी, की इन्सुलिन एकदा गोठलं तर ते वाया गेलं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी वापरायचं नाही. दूध, पनीर, मासळी यांना ५ अंशांच्या खाली ठेवलं की झालं. चुकून थोडं गोठलं तर कुणाच्या जिवावर बेतत नाही. इन्सुलिनला मात्र वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. आमच्या पेटीत सगळ्यात कडक अट याच छोट्याशा वस्तूची होती. मी वहीत वरच लिहून ठेवलं: आत ५, बाहेर ३८, फरक ३३.

बरीच वर्षं आम्ही बर्फावर काढली, आणि बर्फाला मी अजिबात नावं ठेवणार नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. विजेच्या हिशेबात ती जवळजवळ ९३ वॅट-अवर होते (एका वॅटची वस्तू तासभर चालली की एक वॅट-अवर). पाच किलो बर्फ टाकला की साडेचारशे वॅट-अवरांहून जास्त थंडावा पेटीत भरला. वायर नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. थंडीतल्या एका रात्रीच्या मुक्कामाला चांगल्या जाड भिंतींची आइस बॉक्स पुरून उरते, आणि ज्यांचं फिरणं तेवढंच आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पैसे वाचवावेत. अडचण मे महिन्यात येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेटीत पाणी साठतं, दुधाच्या पिशव्या त्यात तरंगतात, पनीरच्या पाकिटात पाणी शिरतं, आणि मग नवा बर्फ शोधत गावभर फिरायचं.

माझी नणंद जावळी तालुक्यात आरोग्य सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी वाड्यावस्त्यांवर लशी न्यायच्या तर त्यांच्याकडे निळी पेटी असते, व्हॅक्सिन कॅरिअर. ती विजेवर चालत नाही. चारही भिंतींना चार आइसपॅक लावायचे, मधे लशी. लशींनाही तेच २ ते ८ अंश. वन्संनी मला एक गोष्ट दाखवली, जी कुठल्याही जाहिरातीत नसते. फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक त्यांनी ओट्यावर तसाच ठेवून दिला. त्याच्यावर आधी पांढरं हिम धरलं, मग ते ओघळायला लागलं. थोड्या थोड्या वेळानं त्या तो कानाशी नेऊन हलवत होत्या. "अजून नाही," म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. शेवटी माझ्या कानाशी धरला: आत पाणी डुचमळत होतं, बर्फाचा तुकडा त्यात सुटून फिरत होता.

"आता ठेवायचा, वहिनी," त्या म्हणाल्या. "कडक गोठलेला पॅक उणे पंधरा-वीसचा असतो. तो थेट लावला तर लस गोठते. पाणी सुटलं म्हणजे पॅक शून्याला आला. शून्याच्या खाली तो आता जात नाही."

हे त्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात. आइस बॉक्समध्ये इन्सुलिन नेणाऱ्या प्रत्येकानं हे करावं, असं मला मनापासून वाटतं. पण वन्संनी पुढचंही सांगितलं: त्यांची पेटी दिवसाच्या फेरीसाठी आहे, संध्याकाळी केंद्रावर परत येऊन पॅक पुन्हा फ्रीझरला लागतात. तीन-चार दिवस तंबूत राहायचं तर पॅक कुठे गोठवणार? तिथून आमचा शोध विजेच्या पेटीकडे वळला.

साताऱ्यात राजपथावर आणि पोवई नाक्याच्या आसपास विजेच्या वस्तूंची दुकानं भरपूर आहेत, पण गाडीत ठेवायचा फ्रिज हात लावून बघायला मिळेल असं आम्हाला एकही सापडलं नाही. घरच्या फ्रिजबद्दल लोक तासभर माहिती देतील. याबद्दल "मागवून देतो" एवढंच. म्हणून जे कुणी आधीच घेतलंय त्यांच्याकडचं मागून बघायचं ठरवलं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे एक होता. त्यांनी आनंदानं दिला. वजनाला हलका, खांद्याला पट्टा, लायटर सॉकेटची वायर आणि घरच्या प्लगची वेगळी. त्याच्यावर थंड आणि गरम असं दोन्हीचं बटण होतं. हे बटण दिसलं की ओळखायचं, हा पेल्टियरचा.

पेल्टियर हे नाव एका फ्रेंच माणसाचं. जाँ पेल्टियर मुळात घड्याळजी, नंतर भौतिकशास्त्राकडे वळलेला. १८३४ साली त्याला दिसलं की दोन वेगळे धातू जिथे जोडलेत त्या सांध्यातून वीज सोडली की सांधा गार किंवा गरम होतो. विजेची दिशा उलटली की परिणामही उलटतो. आजच्या पेट्यांत धातूंच्या जागी बिस्मथ टेल्युराइडचे अर्धवाहक असतात, चार सेंटिमीटर चौरसाच्या पांढऱ्या चिनी मातीच्या चकतीत बसवलेले. एक बाजू गार पडते, दुसरी तापते, आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो. ना गॅस, ना कंप्रेसर. तिरका झाला, आपटला तरी सहसा बिघडत नाही. पण चकतीच्या दोन बाजूंमधला फरक वाढत गेला की तिची गार करायची ताकद कमी कमी होत जाते. म्हणून या पेट्यांवर "बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंश कमी" असं लिहिलेलं असतं. हे वाक्य बारीक अक्षरांत असतं, आणि सगळ्या खोक्यावर वाचण्यासारखं तेच एक असतं.

आम्ही ते गच्चीवर तपासलं. सकाळी सातला घरच्या फ्रिजमधून ६ अंशांच्या पाण्याच्या बाटल्या काढून पेटीत ठेवल्या, पेटी जिन्याच्या सावलीत, ॲडॅप्टर लावून सुरू. एका बाटलीत पाण्यात बुडणारा थर्मामीटर सोडला, त्याची वायर झाकणाखालून बाहेर. दर तासाला धाकटी आकडा लिहून आणायची. दुपारी दोनला बाहेर ३७ होतं आणि बाटलीत १७. पेटी सात तास अखंड चालू होती, पंखा फिरत होता, आणि तरी पाणी ६ वरून १७ वर चढलं होतं. झाकण उघडून हात घातला तर छान गार वाटलं, आणि इथेच माणूस फसतो. ३७ अंशांच्या उन्हातून आलेल्या हाताला १७ अंश गारच लागणार. दुधाला मात्र १७ अंश म्हणजे नासायला मोकळं रान.

म्हणून पेल्टियर वाईट, असं मी म्हणणार नाही. एसी चालू असलेल्या गाडीत, आत २४-२५ अंश असताना, तो ७-८ पर्यंत जाऊ शकतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला वाटेत पाणी, ताक, फळं गार हवीत, महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचे बॉक्स न सुकता न्यायचेत, तर हा पुरेसा आहे आणि स्वस्तही. आमचा ३३ अंशांचा फरक मात्र त्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय तो बहुधा थांबतच नाही. त्याला ४५-५० वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअर, आणि तेही अखंड. रात्रीच्या आठ तासांत ३२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते. सकाळी स्टार्टर मारायला उरलं काय?

गॅसवर चालणारा तिसरा एक प्रकार असतो, ॲबसॉर्प्शनचा. बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी १९२२ मध्ये, शिकत असतानाच, तो शोधला. उष्णतेवर चालणारा, अगदी निःशब्द. पण त्याला सपाट जागा लागते, आणि तंबूत किंवा बंद गाडीत गॅसची ज्योत पेटती ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. मुलं झोपतात तिथे तो विचार आम्ही केलाच नाही.

राहिला कंप्रेसर. घरच्या फ्रिजचंच तंत्र, फक्त कंप्रेसर लहान आणि १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीतून येतो तसल्या करंटवर, चालणारा. या छोट्या कंप्रेसरांत डॅनफॉस कंपनीचं नाव जुनं. तोच धंदा २०१० नंतर सेकॉप या नावानं चालतो. हा बॉक्स बाहेरच्या तापमानाशी बांधलेला नाही. ५ लावा, उणे १० लावा, तो तिथे जातो आणि थांबतो. थांबतो, हे महत्त्वाचं. चालू असताना त्यालाही ४५ वॅटच्या आसपास लागतात, पण आत हवं तेवढं गार झालं की कंप्रेसर बंद. तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालला तर सरासरी १५ ते २० वॅट पडतात. किंमत मात्र आम्ही पाहिली तिथे पेल्टियरच्या तिप्पट-चौपट होती. नवरा दोन दिवस गप्पच होता. मग आईच म्हणाल्या, "औषध नासलं तर परत गावाला यायचं पेट्रोल मोजलंत का?" विषय संपला.

आता करंट. यासाठी आम्ही एमआयडीसीजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते त्याच्या टपरीवजा गॅरेजात. मी त्याला सांगितलं, लायटर सॉकेटला फ्रिज लावायचाय. त्यानं काही न बोलता बॉनेट उघडलं, मल्टिमीटर बॅटरीला लावला: १२.६. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घेऊन त्याला लायटरची पिन जोडली आणि सॉकेटमध्ये खुपसली. बल्ब पेटला, त्याच्या टोकांना मीटर लावला: ११.८.

"बघा ताई. बॅटरी फुल हाय. तरी हितं पोचस्तोवर पाऊण व्होल्ट गेला. कंपनीची वायर बारीक, पिन ढिली. मोबाइलला चालतंय. तुमचा फ्रिज म्हणंल बॅटरी उतरली, आन् बंद पडंल."

हे मी नंतर फ्रिजच्या माहितीपुस्तकात ताडून पाहिलं आणि अगदी तसंच निघालं. या बॉक्समध्ये बॅटरी वाचवायची सोय असते: लो, मीडियम, हाय. हायवर ठेवलं की व्होल्टेज थोडं पडताच बॉक्स स्वतःला बंद करतो, म्हणजे गाडी सुरू व्हायला करंट शिल्लक राहतो. गाडीच्या बॅटरीवर चालवायचा तर हाय, वेगळ्या बॅटरीवर चालवायचा तर लो. पण बॉक्सला व्होल्टेज समजतं ते त्याच्या पिनेपाशी. वायर बारीक असेल तर अर्धी भरलेली बॅटरीही त्याला रिकामी वाटते. बॉक्स सारखा बंद पडतो म्हणून लोक कंपनीला फोन करतात. त्यांतल्या कित्येकांचं दुखणं वायरीतच असणार असं मला वाटतं.

त्यानं बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून दिली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. "फ्यूज हितंच, बॅटरीपाशी," तो दोनदा म्हणाला, "फ्रिजपाशी नव्हं. मधी वायर घासली तर जाळ होतोय." पुन्हा तोच बल्ब, या वेळी डिकीत: १२.४. एका वायरीनं पडलेला एवढा फरक डोळ्यांनी बघितल्यावर मी त्या कामाचे पैसे फार समाधानानं दिले.

तरीही रात्रीचा प्रश्न उरतोच. सरासरी १८ वॅट धरले तर दीड अँपिअर, दहा तासांत १५. छोट्या गाडीच्या बॅटरीतून एवढं काढणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. ती स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, रात्रभर पाझरायला नाही. म्हणून ५०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घेतलं, लिथियम आयर्न फॉस्फेटचं. ते फ्रिजपेक्षा वेगळं, त्यामुळे घरात लाइट गेली की वायफायला आणि पंख्यालाही चालतं, असं नवऱ्याला पटवता आलं. फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या भोकालाच लावायचा. २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर आधी डीसी करंटचा घरच्यासारखा एसी करंट होणार, मग फ्रिजचा ॲडॅप्टर पुन्हा त्याचा डीसी करणार, आणि प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णता होऊन जाणार.

सोलर पॅनलही डोक्यात होतं. १०० वॅटचं पॅनल उन्हात सपाट ठेवलं तर ६०-७० वॅट देतं, पाच तासांत तीनशे वॅट-अवर. पण आम्ही तंबू लावतो सावलीत. फ्रिज सावलीत आणि पॅनल उन्हात, मधे लांब वायर, आणि ऊन सरकेल तसं पॅनल सरकवत बसायचं. मुक्कामाच्या मालकाकडे संध्याकाळी प्लग मिळतो, दिवसा थोडं फिरलं की गाडी चार्ज करते. पॅनल आम्ही सोडून दिलं. ज्यांना चार-चार दिवस एकाच जागी बसायचंय त्यांनी मात्र त्याचा विचार करावा.

आता कुठे लिटर. पत्रकात आतली लांबी-रुंदी-उंची दिलेली असते. मी किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे खोके आणले आणि कापून त्या मापाचे केले. कंप्रेसर ज्या बाजूला असतो तिथे आत एक पायरी येते, तीही पुठ्ठ्याची करून चिकटवली. मग खरा माल भरला: दुधाच्या पिशव्या, दह्याचं भांडं, पनीर, इडलीचं पीठ, मासळीसाठी घट्ट झाकणाचा मोठा डबा, आईंचा औषधाचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या. कांदे, बटाटे, टोमॅटो, लिंबं, अंडी बाहेर. दोन-तीन दिवस त्यांचं काही बिघडत नाही. २० लिटरच्या खोक्यात मासळीचा डबा बसेना. ५० लिटरचं खोकं निम्मं रिकामं राहिलं, आणि ते भरून डिकीत उचलून ठेवताना नवऱ्याची कंबर धरली असती. ३० च्या आसपासचं बरोबर बसलं. शिवाय पाण्याची बाटली उभी राहते का हे पुठ्ठ्यातच कळतं. एका मॉडेलमध्ये ती उभी राहत नव्हती. आडव्या बाटलीचं झाकण घाटात गळतंच.

शेवटची चाळणी मागच्या स्टिकरची. फ्रिजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आपल्याकडच्या मे महिन्यात, त्यातून बंद डिकीत, एन घेऊन उपयोग नाही. आम्ही फक्त टी लिहिलेलेच बघितले. माण-खटावकडे जाणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही.

फ्रिज घरी आला तेव्हा खोक्यावर बाण वरच्या दिशेनं होता, पण वाटेत कसा कसा लोळला असेल कुणास ठाऊक. म्हणून एक दिवस सरळ उभा ठेवला, कंप्रेसरचं तेल खाली बसावं म्हणून, आणि मगच चालू केला. जाहिरातीत लिहिलेलं असतं, वीस-पंचवीस मिनिटांत शून्य. खरं आहे, पण रिकाम्या पेटीत. आम्ही सकाळी सातला साधारण दहा लिटर नळाचं पाणी बाटल्यांतून भरलं, ५ लावलं, आणि पाणी ५ ला टेकायला दुपारचा एक वाजून गेला. ते साहजिक आहे: दहा लिटर पाणी ३० वरून ५ वर आणायचं म्हणजे त्यातून जवळजवळ २९० वॅट-अवर उष्णता काढायची. तेव्हापासून आमचा नियम, आदल्या रात्री फ्रिज घरच्या प्लगवर लावायचा आणि आत जायचं ते घरच्या फ्रिजमधून गार होऊनच जायचं. बॅटरीवर फक्त थंडावा टिकवायचं काम ठेवायचं.

दुसरी तपासणी इन्सुलिनसाठी. पडद्यावर ५ दिसत असलं तरी पेटीत सगळीकडे ५ नसतं. किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारे दोन थर्मामीटर ठेवले, एक तळाशी भिंतीला टेकून, एक वरच्या जाळीत. रात्रभरात तळाचा किमान आकडा उणे १ पर्यंत गेला होता, जाळीतला ४ ते ७ मध्ये राहिला. गार करणारी नळी भिंतीतच असते, त्यामुळे भिंतीलगत तापमान लावलेल्या आकड्याच्या बरंच खाली जातं. आईंचा डबा तेव्हापासून जाळीत, नॅपकिनात गुंडाळून, आणि थर्मामीटर त्याच डब्यात. मासळी तळाला. घरात इन्सुलिन असेल तर हे दोन थर्मामीटर फ्रिजबरोबरच घ्या. बाकी कुठल्याही ॲपवरच्या आकड्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा.

मग गुहागर. बीचच्या मागे, माडांच्या वाडीत तंबू. फ्रिज गाडीतच, मागचं दार वर करून, त्याच्या जाळीच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडून. कंप्रेसरला गरम हवा बाहेर टाकायला जागा हवी. डिकीत गाद्या आणि पिशव्या चारी बाजूंनी दाबल्या की तो थांबायचं नावच घेत नाही. मुलांना हे एकदा नीट समजावून सांगितलं, तेव्हापासून तिथे काही ठेवलं की धाकटीच ओरडते. रात्री ईको मोड. आवाज जवळ उभं राहिलं तर घरघर, तंबूत पोचत नाही. समुद्राच्या गाजेत तर काहीच नाही. रात्री नऊला पॉवर स्टेशन पूर्ण भरलेलं होतं, सकाळी सातला ७२ टक्के. म्हणजे दहा तासांत १४० वॅट-अवर, सरासरी १४ वॅट. वहीतल्या अंदाजापेक्षा कमीच. दुपारी मात्र भरभर उतरलं, आणि माडाची सावली सरकून गाडीवर ऊन आलं की लगेच आकड्यात दिसायचं. बंद गाडीत पॉवर स्टेशन तापू द्यायचं नाही, हेही लक्षात ठेवायचं. चार्जिंग साधारण ४५ अंशांच्या आतच करायचं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी सुरमई घेतली. साफ करून, तुकडे डब्यात, डबा तळाशी, कुंभार्ली घाट चढून संध्याकाळी साताऱ्यात. आईंनी डबा उघडून वास घेतला, तुकडा बोटानं दाबून पाहिला आणि हळद-मीठ लावायला घेतलं. जाळीतल्या थर्मामीटरवर सगळ्या मुक्कामाचा कमाल आकडा ८ होता, किमान ३.

मासळी आणल्यावर पेटी त्याच रात्री धुवायची, उद्यावर टाकायची नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, मऊ फडकं, तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्यायचं, झाकणाच्या रबरी पट्टीच्या घडीत बोट फिरवायचं, कारण वास तिथे राहतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात बंद करून ठेवली की आत बुरशी धरणारच, म्हणून झाकणाखाली रुमालाची घडी घालून फट ठेवायची आणि महिन्यातून एकदा तासभर चालवायची. गणपतीनंतर बाहेर काढताना पट्टीत कागदाचा तुकडा अडकवून झाकण लावायचं आणि कागद ओढून बघायचा, चारी बाजूंनी. कागद सहज निसटला तर त्या बाजूला पट्टी ढिली झालीय, आणि तिथून थंडावा गळतोय.